साडूचं सर्टिफिकेट आणि घरचा कूलर

कूलरच्या पंख्याचं एक पातं. टोकाला निळ्या ऑइलपेंटचा डाग, कधीतरी दार रंगवताना उडालेला.

नरखेडहून आलेली संत्र्यांची पेटी. वर जाड अक्षरात लिहिलेलं: ‘जवाईबापू, नागपूर.’ कोणते जवाईबापू, ते लिहिलेलं नाही.

‘जे अजून झालेलं नाही पण होऊ शकतं, त्याला जोखीम म्हणायचं.’ धरमपेठेतल्या एका हॉलमधला पांढरा बोर्ड. खाली मिठाईचं दुकान. बोर्डाला जिलेबीचा वास.

यमुताईंच्या खाटेवरच्या कुरड्या. पांढऱ्याशुभ्र. अजून कोरड्या.

काचेच्या कठड्याचा जिना.

डावा डोळा.

यातली पेटी आधी घेऊ, कारण आग तिथून लागली.

पेटी पाठवली दादाजींनी, म्हणजे प्रेमानंदच्या सासऱ्यांनी. नरखेड तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग आहे. पेटी एसटीच्या ड्रायव्हरकडे दिली आणि वर फोन नंबर लिहिला अश्विनचा. अश्विन हा धाकटा जावई. थोरला प्रेमानंद. थोरला असून पेटी धाकट्याकडे उतरली, आणि ‘भाऊ, तुमची अर्धी घेऊन जा’ असा फोन प्रेमानंदला आला.

‘अहो, त्यांच्या फोनमध्ये अश्विनचं नाव सगळ्यात वर येते,’ त्याची बायको मोनाली म्हणाली. ‘तुमच्यापर्यंत खाली यायचा कंटाळा आला असन त्यांना.’

हे समाधान म्हणून सांगितलं होतं. त्याचा उलटा परिणाम झाला.

आता साडू हे नातं मोठं चमत्कारिक. दोन पुरुष, ज्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही, केवळ दोन बहिणींपायी जन्मभर एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसून राहतात. तराजू सासऱ्याच्या हातात. प्रेमानंद एका सरकारी कार्यालयाच्या बांधकाम शाखेत वरिष्ठ लिपिक. रखडलेल्या कामांच्या फायली त्याच्या टेबलावरून जात. तीन वर्षांत व्हायचा पूल अकराव्या वर्षी अर्धा व्हायचा, आणि प्रेमानंद त्यावर ‘मुदतवाढीस मान्यता असावी’ असा शेरा इतक्या देखण्या अक्षरात लिहायचा, की पुलाचं काही होवो, फाइल सुंदर दिसायची. या माणसाला कुणाच्या वेळेवर काम करण्याचा हेवा वाटेल असं कुणाला वाटलं नसतं. त्याला स्वतःलाही नाही.

पण अर्धी पेटी आणायला तो आणि मोनाली अश्विनच्या डुप्लेक्समध्ये गेले. बेसा भागात. आत काचेच्या कठड्याचा जिना. खाली नुसता हॉल आणि स्वयंपाकाचा ओटा, बाकी घर सगळं वर. प्रेमानंदच्या मते ते घर नव्हतंच, टाइल्सचं शोरूम होतं. डोळा दाखवायला म्हणून दादाजीही त्याच दिवशी नागपूरला आलेले. ते सोफ्यावर बसले होते आणि समोरच्या भिंतीकडे बघत होते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्या जरा खाली, पण जराच खाली, सोनेरी चौकटीत एक सर्टिफिकेट.

‘हे काय होय जी?’ दादाजींनी विचारलं.

‘काही नाही हो दादाजी,’ अश्विन म्हणाला, आणि काही नाही म्हणता म्हणता उठून सर्टिफिकेटजवळ जाऊन उभा राहिला. ‘प्रोजेक्ट कंट्रोलचं ट्रेनिंग. हैदराबादले पाठवलं होतं कंपनीनं. खर्च, वेळ आणि रिस्क, तिन्ही ताब्यात ठेवायचं शास्त्र आहे हे.’

‘म्हणजे पाऊस येणार नाही ते आधीच समजते?’

‘पाऊस आला नाही तर काय करायचं, ते आम्ही आधी ठरवून ठेवतो.’

‘वा!’ दादाजी म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दादाजींनी प्रेमानंदला ‘वा’ म्हटलेलं नव्हतं. ‘बरं’ म्हटलं होतं. मोनालीच्या बाळंतपणात दवाखान्याबाहेर एकदा ‘बरं बरं’ म्हटलं होतं, आणि ते प्रेमानंद आजपर्यंत जपून होता.

मग डोळ्याचा विषय निघाला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ‘बागेतला बहार उतरला का एप्रिलमध्ये करून टाकतो,’ दादाजी म्हणाले. ‘मग महिनाभर नागपुरातच पडून राहीन. डॉक्टर म्हणते ऊन नको, धूळ नको.’

‘कोणाकडे?’ दोन्ही जावयांनी एकदम विचारलं.

दादाजींनी आधी याच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. धुरकट डोळ्यांना दोघंही सारखेच दिसत असावेत. ‘जिथं थंड राह्यन तिथं,’ ते म्हणाले आणि चिवड्याची बशी पुढे ओढली.

मोनाली संत्रं सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

*

प्रेमानंदनं धरमपेठेतला क्लास शोधून काढला. रविवार सकाळ. ‘प्रकल्प नियंत्रण: खर्च, वेळ आणि जोखीम.’ फी ऐकून तो दोनदा पाणी प्यायला आणि मग त्यानं ती भरली. शिकवणारा गौरांग नावाचा तरुण, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हातातला मार्कर तो असा फिरवायचा की वर्गाचं अर्धं लक्ष मार्कर पडतो का याकडे. वर्गात बहुतेक कंत्राटदारांची पोरं. ती एसीसाठी येत असावीत असा प्रेमानंदचा संशय होता.

‘प्रत्येकानं घरचा एक छोटा प्रोजेक्ट निवडायचा,’ गौरांग म्हणाला. ‘शेवटच्या रविवारी सादर करायचा. त्याशिवाय सर्टिफिकेट नाही.’

कुणी बहिणीचं लग्न घेतलं. कुणी फार्महाऊस घेतलं.

‘कूलर,’ प्रेमानंद म्हणाला.

वर्ग हसला. नागपुरात राहून कूलरला हसणं हे वाईट. मुंबई-पुण्याच्या माणसाला कूलर म्हणजे पंख्याचा चुलत भाऊ वाटतो, त्याचं एक वेळ माफ. पण इथं मार्च लागला की घरोघरी पत्र्याचा तो डबा माळ्यावरून उतरतो. त्याला रंग द्यायचा, खसच्या ताट्या बदलायच्या, पंप तपासायचा, पंख्याची बेअरिंग पाहायची, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर चढवायचा. एवढं वेळेत झालं तर मे महिना निघतो. नाही झालं तर घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. प्रेमानंदच्या घरी हे सगळं दरवर्षी मोनाली करायची. ते कसं व्हायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. एक दिवस ऑफिसातून यावं तर खिडकीतून गार वारा येत असे, आणि तो त्याला ऋतूचाच भाग समजे.

गौरांग मात्र हसला नाही. ‘उद्दिष्ट?’

‘सासरे थंड राहिले पाहिजेत.’

‘मुख्य स्टेकहोल्डर?’

‘सासरे.’

‘आणखी कोणी?’

‘साडू,’ प्रेमानंद म्हणाला. गौरांगनं तेही बोर्डावर लिहिलं.

जोखीम क्रमांक एक: कवडू मिस्त्री. शक्यता: जास्त. परिणाम: भयंकर. उपाय: गोड बोलणे.

जोखीम क्रमांक दोन: सोसायटी. शक्यता: आहेच. परिणाम: अर्ज. उपाय: अर्ज.

जोखीम क्रमांक तीन: अश्विन.

‘जोखीम ही घटना असते सर, माणूस नाही,’ गौरांगनं समजावलं.

‘तुम्ही भेटले नाही ना त्याले,’ प्रेमानंद म्हणाला आणि नोंद तशीच ठेवली.

त्या संध्याकाळी फ्रिजच्या दारावर एक मोठा तक्ता लागला. जाड पुठ्ठ्यावर, चार रंगांत. कोणतं काम कधी सुरू, कधी संपणार, कोणतं अडलं तर पुढचं कोणतं अडेल. ऑपरेशन सोळा एप्रिलला. कूलर चालू तेराला. मधले दिवस राखीव, त्यांना बफर म्हणायचं.

‘हे काय लावून ठेवलं?’ मोनालीनं विचारलं.

‘बेसलाइन.’

‘तिच्याखाली दूधवाल्याचा हिशोब होता माझा.’

‘दूध क्रिटिकल पाथवर नाही.’

मोनालीनं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. ‘मग यंदा कूलरचं सगळं तुम्हीच पाहणार? कवडूभाऊ, ताट्या, स्टँड, सगळं?’

‘सगळं.’

‘चालू द्या तुमचं,’ ती म्हणाली. तिच्या आवाजात जो आनंद होता, त्याचा अर्थ प्रेमानंदनं कौतुक असा घेतला.

*

कवडू मिस्त्रीची काम करायची एक पद्धत होती. मार्चमध्ये तो दहा-बारा घरी जायचा आणि प्रत्येक घरातला एकेक अवयव काढून न्यायचा. कुणाचा पंप, कुणाचा पंखा, कुणाचं नुसतंच मागचं दार. एवढं झालं की ती सगळी घरं त्याची. पंप एकाकडे अडकलेला असताना माणूस दुसऱ्या मिस्त्रीकडे जाणार कुठं? मग कवडू निवांत व्हायचा. गौरांगनं यालाच ‘सप्लायरवरचं अवलंबित्व’ असं नाव दिलं होतं, पण गौरांगनं कवडूला पाहिलेलं नव्हतं, नाही तर क्लासच कवडूला घ्यायला लावला असता.

‘कवडूभाऊ, मले तेरा तारखेच्या आत पायजे,’ प्रेमानंद म्हणाला. ‘तुम्ही क्रिटिकल पाथवर आहात.’

‘कुठं?’

‘म्हणजे तुम्ही थांबले का सगळं थांबते.’

‘हे बरोबर बोलले,’ कवडू एकदम खूश झाला. ‘पूर्ण लेआउटच्या वस्तीत असं कोणी म्हटलं नाही आजपर्यंत. सगळे शिव्याच देऊन राहिले.’ आणि पंखा काढून खांद्यावर टाकून निघाला. ‘बेअरिंग पाहून देतो. त्या बेसाच्या साहेबाचाही दुकानात पडला आहे.’

‘कोणते बेसाचे साहेब?’

‘तुमचेच साडू ना भाऊ. बाईसाहेबांनीच नंबर देला त्यायच्या बहिणीले.’

प्रेमानंद त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेला. ‘त्यायचं कधी करणार आहे?’

‘तुमच्यानंतर,’ कवडू म्हणाला.

पुढचे चार दिवस प्रेमानंद ऑफिसात शीळ घालत होता. एका पुलाला त्यानं मुदतवाढ मागताना ‘कृपया’ हा शब्दही वाढवला.

मग स्टँड. जुना गंजून गेला होता, नवा त्याहून वीतभर जास्त रुंद निघाला. वीतभर म्हणजे सोसायटीची परवानगी. सेक्रेटरी गिरिधरराव हे लेखा कार्यालयातून निवृत्त झालेले, आणि बरोबर प्रेमानंदच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहणारे.

‘अर्ज द्या,’ ते म्हणाले. ‘सोबत खालच्या फ्लॅटधारकाचं ना-हरकत.’

‘काका, खालचे फ्लॅटधारक तुम्हीच आहात.’

‘तो मी घरी. आत्ता मी सेक्रेटरी म्हणून बोलून राहिलो.’

हे बोलणं त्यांच्याच घरात, त्यांच्याच सोफ्यावर, त्यांच्याच चहावर चाललं होतं. ‘मग तुम्ही घरी कधी भेटता?’ प्रेमानंदनं विचारलं.

‘संध्याकाळी या. सहानंतर.’

सहानंतर तोच सोफा, तोच चहा. फक्त गिरिधररावांनी सदरा काढून बनियन घातलं होतं. फ्लॅटधारक म्हणून त्यांची सक्त हरकत होती. हरकतीचं कारण म्हणजे त्यांच्या पत्नी, यमुताई. त्या खिडकीतल्या खाटेवर कुरड्या घालत होत्या.

‘मागच्या उन्हाळ्यात तुमचा कूलर ठिबकला आणि माझ्या वाळलेल्या कुरड्यांचा परत चीक झाला,’ यमुताई म्हणाल्या. ‘मी म्हणते, कूलर हवाच कशाला? वाळ्याचा पडदा सोडा, वर पाणी मारा. नाही तर डोक्याला कांदा बांधा सासऱ्यांच्या.’

‘डोळ्याचं ऑपरेशन आहे काकू, कांद्यानं पाणी येईल.’

‘मग पायाला बांधा.’

ना-हरकत मिळालं नाही. गिरिधरराव म्हणाले, हरकतीवर सेक्रेटरी काय निर्णय देतात ते पाहावं लागेल. ते जरा कडक आहेत.

जोखीम क्रमांक सहा: कुरड्या.

*

एप्रिल लागला. ऊन असं की कावळेही सावलीतल्या तारेवर बसून राहत. कवडूचा पत्ता नव्हता. दुकानाला कुलूप. प्रेमानंदनं तक्त्यावर लाल रेघ मारली, मग शोधायला निघाला, आणि चौकात वरून हाक आली.

‘जय भीम भाऊ!’

कवडू बांबूच्या मचाणावर उभा राहून कमानीला दिव्यांच्या माळा बांधत होता.

‘जय भीम. कवडूभाऊ, पंखा?’

‘चौदा तारखेनंतर!’

‘असं काहून करून राहिले? आपलं तेरा ठरलं होतं ना!’

‘चौदा एप्रिल आहे ना भाऊ,’ कवडू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. सूर्य पूर्वेला उगवतो हे कुणाला सांगावं लागलं तर वाटतं तसं.

प्रेमानंद ऊन विसरून उभा राहिला. त्याच्या चार रंगांच्या तक्त्यात बँकेच्या सुट्ट्या होत्या, वादळवारा होता, यमुताईंच्या कुरड्या होत्या. चौदा एप्रिल नव्हती. आणि तो स्वतः लेआउटच्या जयंती समितीत शरबताच्या स्टॉलचा प्रमुख होता. सगळ्या बैठकांना हजर होता. नवा पांढरा शर्ट शिवून इस्त्री होऊन कपाटात टांगलेला होता. जयंतीच्या आधीचे पंधरा दिवस वस्तीतला एकही मिस्त्री, रंगारी, वायरमन स्वतःच्या धंद्यावर नसतो, हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. पण अडथळ्यांच्या यादीत ती तारीख त्याला दिसलीच नव्हती. आईचा वाढदिवस कुणी अडथळ्यांत लिहितं का?

आणि आता कवडूला खाली उतर म्हणायचं तरी कसं? कमान चांगली व्हावी असं त्यालाही वाटत होतं. मागच्या साली शेजारच्या लेआउटनं भाव खाल्ला होता.

‘भाऊ, जरा शिडी धरता का?’ कवडू म्हणाला.

प्रेमानंदनं शिडी धरली. स्वतःच्या प्रकल्पाला उशीर व्हावा म्हणून त्यानं तासभर शिडी धरली, आणि दोन माळा वाकड्या आहेत हे कवडूला दाखवूनही दिलं.

जयंती झकास झाली. शरबत संपलं. पंधराला अख्खा लेआउट झोपून राहिला. सोळाला दादाजींचा डोळा झाला, आणि दवाखान्याच्या दारातच अश्विनचा आवाज आला, ‘भाऊ, माझा कूलर कालच चालू झाला.’

‘कसा काय? कवडू तर झोपला आहे.’

‘गाडी घेऊन दुकानात गेलो, त्याले उठवलं, आपला पंखा उचलला, लावला. थांबायचं नसते कोणासाठी. हैदराबादले हेच शिकवलं आम्हाले.’

बाहेर हवेला चटके होते. हिरवी पट्टी लावलेल्या दादाजींना बिनपंख्याच्या डब्यासमोर कोण नेऊन बसवणार? ‘दोनच दिवस,’ मोनाली बहिणीला, पायलला, म्हणाली, आणि दादाजी अश्विनच्या गाडीत बसले. गाडी वळेपर्यंत प्रेमानंद हात हलवत होता. हात हलवणारा माणूस आतून किती जळत असू शकतो, याचं माप कुठल्याही थर्मामीटरवर नाही.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते भेटायला गेले. हॉलमध्ये दिवाणावर दादाजी उताणे झोपलेले, काळा गॉगल लावून. त्यांच्या पांढऱ्या केसांवरून गार वारा जात होता. प्रेमानंदनं खुर्ची घेतली आणि त्याचे कान टवकारले.

टक. टक-टक. टक.

हा आवाज त्यानं किती उन्हाळे ऐकला होता. या आवाजावर तो झोपला होता, या आवाजावर त्यानं मुलीला झोपवलं होतं.

‘तीन स्पीड आहेत,’ अश्विन म्हणाला आणि दाखवायला बटण फिरवलं. पंखा हळू झाला. जाळीमागून एक पातं सावकाश वर आलं, आणि त्याच्या टोकाला निळा डाग होता.

‘हा माझा पंखा आहे,’ प्रेमानंद म्हणाला.

‘काहीही काय बोलता भाऊ.’

‘निळा डाग पाहा. माझ्या बेडरूमच्या दाराचा रंग आहे तो.’

‘हळू बोला, दादाजी उठतील.’

मग जे भांडण झालं ते पूर्ण कुजबुजीत झालं. जोरात भांडता येत नसलं की माणूस हातांनी भांडतो; दोघंही मुक्यांच्या नाटकातल्यासारखे दिसत होते. माझ्या वाऱ्यात माझे सासरे तुमच्याकडे झोपून राहिले, असं प्रेमानंदचं म्हणणं. सासरे माझेही आहेत, असं अश्विनचं. तुम्ही उचलला तेव्हा पाहिलं काहून नाही? ही रिस्क माझ्या रजिस्टरमध्ये नव्हती. मग हैदराबादले काय बिर्याणी खायला गेले होते का?

बिर्याणी अश्विनला लागली. ‘घेऊन जा मग तुमचा पंखा!’ तो कुजबुजला आणि त्यानं कूलरची मागची ताटी खेचली. प्रेमानंदनं पुढून धरलं. दोघांपैकी जास्त कुणी ओढलं यावर त्या घराण्यात आजही दोन मतं आहेत. एवढं खरं की पत्र्याचा डबा एका पायावर गिरकी घेऊन आडवा झाला, टाकीतलं सगळं पाणी शोरूमच्या टाइल्सवर पसरलं, आणि अख्ख्या ओळीतल्या घरांचे दिवे गेले.

काळोखात काही क्षण नुसता पाण्याचा आवाज.

‘विहिरीले पाणी लागलं का गा?’ दिवाणावरून दादाजींनी विचारलं. त्यांचे पाय खाली आले होते आणि पाण्यात होते. सगळ्या आयुष्यात त्यांना इतकं आनंदी कुणी पाहिलं नव्हतं.

पायल टॉर्च घेऊन जिन्यावरून धावत आली. तिनं पाणी पाहिलं, आडवा कूलर पाहिला, दोन्ही जावयांचे भिजलेले पायजमे पाहिले. ‘तुम्हा दोघांनाही एकाच ट्रेनिंगची गरज होती,’ ती म्हणाली. ‘ते घरीच द्यायला पाहिजे होतं.’

‘चाल वं मोनाली,’ दादाजी उठत म्हणाले. ‘झालं बाप्पा हे. आता आपल्या ठिकाणी जाऊ.’

आपल्या ठिकाणी! प्रेमानंदच्या नंदनवन भागातल्या फ्लॅटपर्यंत अश्विन गाडी चालवत होता. पुढे दादाजी. मागे प्रेमानंद, आणि त्याच्या मांडीवर, नव्या बाळासारखा धरलेला, ओला पंखा. आपल्या तयारीपुढे, आपल्या तक्त्यापुढे शेवटी डुप्लेक्स हरला, हे त्याला अगदी स्पष्ट दिसत होतं. रस्त्यातल्या प्रत्येक सिग्नलवर तो अश्विनच्या मानेकडे बघून हसत होता.

*

स्टँड अजून लागला नव्हताच. सेक्रेटरींनी फ्लॅटधारकाची हरकत विचारात घेऊन ‘वैद्यकीय कारणास्तव तात्पुरती’ परवानगी दिली, पण कूलर खोलीच्या आत ठेवायच्या अटीवर. प्रेमानंदनं पंखा स्वतः बसवला, दोन स्टुलांवर कूलर चढवला आणि बटण दाबलं. टक-टक सुरू झालं. बंद खोलीत कूलर लावला की काय होतं, ते क्लासमध्ये शिकवत नाहीत. दुपारपर्यंत भिंतींना घाम सुटला. वर्तमानपत्र मऊ पडलं. काडेपेटी पेटेना.

‘बंद करा जी ते,’ दादाजी म्हणाले. ‘अंगात बुरशी लागून राहिली.’

तेवढ्यात वीजच गेली, म्हणजे निर्णयही प्रेमानंदच्या हातात उरला नाही. दादाजी गॅलरीच्या दारात फरशीवर ओला दुपट्टा पांघरून आडवे झाले. प्रेमानंदनं इकडेतिकडे पाहिलं. हातपंखा घरात नव्हता. त्यानं फ्रिजच्या दारावरून बेसलाइन काढली. जाड पुठ्ठा, चार रंग. सासऱ्यांच्या उशाशी बसून तो तक्त्यानं वारा घालू लागला. तेरा एप्रिल वर जायची, खाली यायची. फ्रिजच्या दारावर दुधाचा हिशोब मोकळा झाला होता.

असा कितीतरी वेळ गेला. खांदा भरून आला. यमुताई दारात येऊन ‘कांदा बांधला का?’ विचारून गेल्या. मोनाली ओट्याशी उभी राहून बघत होती.

‘वा,’ दादाजी झोपेतच म्हणाले.

प्रेमानंदचा हात क्षणभर थांबला. मग दुप्पट जोरानं चालू लागला. हा ‘वा’ वाऱ्याला होता की वारा घालणाऱ्याला, हे त्यानं विचारलं नाही. काही गोष्टींची छाननी करू नये. प्रकरण परत येतं.

शेवटच्या रविवारी त्यानं धरमपेठेत प्रोजेक्ट सादर केला. गौरांगनं बोर्डावर निकाल लिहिला. वेळ: चुकली. खर्च: वाढला. जोखमी: यादीतल्या सगळ्या घडल्या, यादीत नसलेल्याही घडल्या. स्टेकहोल्डर: समाधानी. मग त्यानं मार्कर फिरवला, या वेळी तो पडला, आणि कंत्राटदारांच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मार्करला होत्या, असं एकानं नंतर सांगितलं. सर्टिफिकेट मात्र मिळालं. चौकट सोनेरीच घेतली, अश्विनपेक्षा बोटभर रुंद.

कूलर बंदच राहिला; दादाजींना पुठ्ठ्याचाच वारा मानवला होता. अश्विन दर संध्याकाळी भेटायला येऊ लागला. येताना मोसंबी आणायचा. बसायचा दादाजींच्या पायाशी, पण नजर त्या पुठ्ठ्यावर, आणि पुठ्ठा कुणाच्या हातात आहे त्यावर. एकदा त्यानं बोलायला सुरुवात केली आणि अडखळला. सोनेरी चौकटीतला माणूस अडखळताना प्रेमानंदनं प्रथमच पाहिला.

‘दादाजी,’ तो म्हणाला, ‘मी हॉलमध्ये एसी लावला.’

‘बरं,’ दादाजी म्हणाले.

प्रेमानंद वारा घालत राहिला. मे महिना होता, अंगाची लाही होत होती, घामाचे ओघळ कोपरापर्यंत आले होते, आणि इतका गारवा त्याला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

‘घालू द्या ना थोडा वेळ मलाही,’ अश्विन म्हणाला.

‘तुमचं ट्रेनिंग वेगळं आहे,’ प्रेमानंद म्हणाला.

जानेवारीत, संत्र्यांची ती पेटी यायच्याही आधी, दादाजींनी मोनालीला फोन करून सांगितलं होतं की डोळ्याचं झालं की ते तिच्याकडेच राहतील. अश्विनच्या घरी संडास वरच्या मजल्यावर आहे.